उजेडाच्या दोन वाटा

लेकरांनो, औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो की परतताना तुमचा एक प्रश्न ठरलेला: "आबा, दुधाळ्याला काय बांधणार आहेत?" कुणी तुम्हाला सांगितलंय मोठी दुर्बीण, कुणी म्हणतं भूकंपाचं यंत्र. आज नीट सांगतो. तिथं उजेडाचे दोन भाग करणार आहेत. एक भाग चार किलोमीटर सरळ जाईल, दुसरा त्याच्याशी काटकोनात तेवढाच जाईल. दोन्ही टोकांना आरसे. उजेड आरशावरून माघारी फिरेल, दोन्ही भाग पुन्हा एकत्र येतील, आणि मग बघायचं की कुणाची वाट किंचित लांबली का, किंचित आखडली का. लायगो-इंडिया म्हणतात त्याला. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

एवढं मोठं काम, एवढी जमीन, एवढा पैसा. आणि नेमकी हीच युक्ती वापरणारं एक लहानसं यंत्र टेबलावर ठेवून नांदेडच्या डॉक्टरांनी माझा डोळा तपासला. हनुवटी टेकवली, समोरच्या हिरव्या खुणेकडे बघितलं, पापणी मिटू नका म्हणाले, आणि काही सेकंदांत पडद्यावर माझ्या डोळ्याच्या आतला उभा छेद दिसायला लागला. सुरी नाही, सुई नाही, डोळ्याला हातसुद्धा लावला नाही. त्या तपासणीला ओसीटी म्हणतात. दुधाळ्याचं यंत्र आणि हे यंत्र एकाच घराण्यातलं आहे. त्या घराण्याची गोष्ट ऐका.

१८५० सालापर्यंत जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत काय आहे, हे कुणीच नीट पाहिलेलं नव्हतं. बाहुली काळी दिसते ती का? डोळ्यात गेलेला उजेड ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं दिव्याकडे परत जातो. तो पकडायचा तर आपलं डोकं दिव्याच्या जागी न्यायला पाहिजे, आणि तसं केलं की आपलीच सावली पडते. जर्मनीतल्या हेल्महोल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञानं यावर तोड काढली. त्यानं काचेच्या पातळ पट्ट्या तिरप्या धरल्या. बाजूच्या दिव्याचा थोडा उजेड काचेवरून वळून समोरच्याच्या डोळ्यात गेला, आणि परत आलेल्यातला थोडा त्याच काचेतून आरपार हेल्महोल्ट्झच्या डोळ्यात आला. लाल पडदा, त्यावरच्या रक्ताच्या शिरा, मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं तोंड, सगळं दिसलं. नेत्रवैद्यकीच्या इतिहासात एवढा मोठा दिवस क्वचितच आला असेल. उजेडातला काही भाग वळवायचा आणि काही आरपार सोडायचा, ही काचेची करामत ध्यानात ठेवा.

पुढे तीस वर्षांनी याच हेल्महोल्ट्झच्या बर्लिनमधल्या संस्थेत अमेरिकेच्या नौदलातला एक तरुण आला. आल्बर्ट मायकेल्सन. वय सत्तावीस-अठ्ठावीस. त्या काळी सगळ्यांचा समज होता की उजेडाची लाट वाहून नेणारा 'ईथर' नावाचा काही पदार्थ सगळीकडे भरलेला आहे आणि पृथ्वी त्यातून धावते. मग पृथ्वीच्या धावण्याच्या दिशेनं गेलेल्या उजेडाला आणि तिला आडव्या गेलेल्या उजेडाला वेगळा वेळ लागायला हवा. तो फरक मोजायचं मायकेल्सननं मनावर घेतलं. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनं यंत्राला पैसे दिले. यंत्रात काय? एक तिरपी काच, तिच्यावर उजेडाचे दोन भाग, काटकोनातल्या दोन वाटा, टोकांना आरसे.

मोजमाप कसं करायचं, ते समजून घ्या, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. उजेड ही लाट आहे. लाटेला चढ असतो आणि खळगा असतो. परत आलेल्या दोन लाटांचा चढ चढावर पडला तर उजेड वाढतो. एकीच्या चढावर दुसरीचा खळगा आला तर तिथं अंधार होतो. हो धाकट्या, उजेडात उजेड मिळवला आणि अंधार झाला! म्हणून मायकेल्सनच्या यंत्रात उजळ-काळे पट्टे दिसत. एका वाटेत लाटेच्या निम्म्या लांबीचा फरक पडला तरी उजळ पट्ट्याच्या जागी काळा येतो. आणि लाटेची लांबी म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. एवढा बारीक फरक नुसत्या डोळ्यांनी मोजायची ही रीत मला अजूनही चकित करते.

पण बर्लिनमध्ये रस्त्यावरच्या वर्दळीनं पट्टे थरथरायचे, मध्यरात्र उलटली तरी. शेवटी त्यानं यंत्र पॉट्सडॅमच्या वेधशाळेत नेलं. तिथंही शंभर मीटरवर कुणी फरसबंदीवर पाय आपटला की पट्टे दिसेनासे होत, असं त्यानंच १८८१ साली लिहून ठेवलंय. आता कळलं, दुधाळ्याची निवड करताना जमिनीच्या शांतपणाकडे एवढं का पाहिलं ते? "पण आबा, २१ मार्च २०२४ ला तर जमीन हालली होती की!" हालली. ४.५ चा धक्का होता, भांडी पडली आपली. पण धक्का येतो आणि जातो, त्या वेळची नोंद बाजूला ठेवता येते. रेल्वे, कारखाने, महामार्ग यांची रात्रंदिवसाची थरथर मात्र बाजूला ठेवता येत नाही. ती आपल्याकडे कमी आहे.

मायकेल्सनला ईथरचा पत्ता लागला नाही. १८८७ मध्ये मोर्लेला सोबत घेऊन त्यानं क्लीव्हलंडला पुन्हा बघितलं. फरक नाहीच. ईथर नव्हताच मुळी. पण यंत्र खरं निघालं, आणि १९०७ साली मायकेल्सनला नोबेल मिळालं.

आता डोळ्याकडे येऊ. डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, जेमतेम पाव मिलिमीटर जाड असतो. डॉक्टर लोक मायक्रॉनमध्ये बोलतात. मिलिमीटरचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे मायक्रॉन. पडदा साधारण अडीचशे मायक्रॉन, आणि एवढ्यात दहा थर. उजेड टिपणाऱ्या पेशी सगळ्यांत मागे, मधे निरोप पुढे देणाऱ्या पेशी, आणि सगळ्यांत वर, डोळ्याच्या पोकळीच्या बाजूला, मेंदूकडे निघालेले बारीक तंतू. हेल्महोल्ट्झच्या काचेतून पडदा वरून दिसायचा, पण आत कुठला थर सुजलाय, कुठला झिजलाय, ते कळायचं नाही.

विहिरीत हाक मारली की खोली ओळखता येते ना? सतरा मीटरवर पाणी असेल तर आवाज सेकंदाच्या दहाव्या भागात परत येतो. आवाजाच्या जागी उजेड वापरून डोळ्याची खोली मोजायची, एवढाच विचार होता. अडचण वेगाची. सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या दोन-तीन भागांत उजेड पडद्याच्या तळाला जाऊन माघारी येतो. त्यातले थर वेगळे करायचे तर त्याच्याही पन्नासाव्या हिश्शाचा वेळ मोजायला हवा. कुठलंही इलेक्ट्रॉनिक घड्याळ इतका बारीक वेळ थेट मोजू शकत नाही. मग वेळ मोजायचाच नाही. मायकेल्सनसारखे उजेडाचे दोन भाग करायचे, एक डोळ्यात धाडायचा, दुसरा ओळखीच्या अंतरावरच्या आरशाकडे, आणि परतल्यावर दोघं जुळतात का ते पाहायचं.

इथं खरी कल्पकता आहे, म्हणून थोडा थांबतो. दुधाळ्याला लेझर लागेल. लेझरचा उजेड एका रंगाचा असतो, त्याच्या लाटा फार लांबपर्यंत एकसारख्या चालतात, दोन वाटांत फरक असला तरी जुळत राहतात. डोळ्याला तो चालत नाही. पडद्याच्या प्रत्येक थरावरून थोडा थोडा उजेड परततो, लेझरमुळे सगळाच जुळला तर कुठला उजेड कुठल्या थराचा, हे कसं सांगणार? म्हणून ओसीटीत मुद्दाम जवळजवळच्या अनेक रंगांचा मिश्र उजेड घेतात. त्याच्या लाटा थोडं अंतर गेल्या की एकमेकींपासून विस्कटतात. दोन्ही वाटा पाच-दहा मायक्रॉनच्या आत सारख्या असतील तरच मेळ बसतो, नाहीतर नाही. म्हणजे आरसा ज्या अंतरावर, नेमका त्याच अंतरावरचा थर बोलणार, बाकीचे गप्प. आरसा जरा मागे घेतला की पुढचा थर. असं खाली खाली जायचं, मग उजेडाचा ठिपका शेजारी सरकवून पुन्हा तेच. रेघेला रेघ जोडली की छेद तयार. आताच्या यंत्रांत आरसासुद्धा हलवत नाहीत. परतलेल्या उजेडातले रंग वेगळे करून सगळ्या थरांचा हिशेब गणितानं एकदम मांडतात. जुनं यंत्र सेकंदाला चारशे रेघा काढायचं, नवी हजारोंनी, काही तर लाखानं काढतात.

हे जमवलं अमेरिकेतल्या एमआयटीत. जेम्स फुजिमोतो हे अतिशय क्षणिक लेझर झोतांचे जाणकार, एरिक स्वॉन्सन हे उपग्रहांमधल्या उजेडाच्या संदेशवहनावर काम करणारे अभियंते, डेव्हिड ह्वांग हा डॉक्टरकी आणि संशोधन दोन्ही शिकणारा विद्यार्थी, आणि सोबत कार्मेन पुलियाफितो आणि जोएल शूमन हे डोळ्यांचे डॉक्टर. नोव्हेंबर १९९१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्यांचा लेख आला. तेव्हा त्यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या डोळ्याचा पडदा तपासला होता. १९९३ मध्ये जिवंत डोळ्याची चित्रं निघाली, त्यात व्हिएन्नाच्या फेर्चर यांच्या गटाचाही मोठा वाटा. १९९६ मध्ये यंत्र दवाखान्यांत आलं. २०२३ मध्ये फुजिमोतो, ह्वांग आणि स्वॉन्सन यांना वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

फुजिमोतो यांचं काम एमआयटीच्या ज्या रिसर्च लॅबोरेटरी ऑफ इलेक्ट्रॉनिक्समधलं, त्याच प्रयोगशाळेच्या अहवालात १९७२ साली रेनर वाइस यांनी अवकाशालाच किंचित ताणणाऱ्या-आखडणाऱ्या गुरुत्वीय लहरी उजेडाच्या दोन वाटांनी कशा पकडाव्यात, हे तपशिलानं लिहिलं होतं. त्यातूनच पुढे लायगो उभं राहिलं. १४ सप्टेंबर २०१५ ला १३० कोटी प्रकाशवर्षं दूर एकमेकांत विलीन झालेल्या दोन कृष्णविवरांची लहर अमेरिकेतल्या यंत्रांना जाणवली. चार किलोमीटरची वाट प्रोटॉनच्या रुंदीच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी अंतरानं लांबली-आखडली होती. २०१७ चं नोबेल वाइस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना गेलं. अशी लहर गोंगाटातून वेगळी काढायचं गणित पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी त्याआधी कित्येक वर्षं करत होते. म्हणून दुधाळ्याला जे येतंय ते काही परक्याचं नाही. आणखी एक सांगू? लायगोचा लेझर १,०६४ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. डोळ्याच्या पडद्यामागचे थरही बघणारी नवी ओसीटी यंत्रं वापरतात साधारण १,०५० चा उजेड. जवळजवळ तोच!

आता त्या छेदात काय दिसतं? तुमच्या आजीला साखर आहे. मध्यंतरी तिला अक्षरं वाकडी दिसायला लागली, सुईत दोरा जाईना. तिच्या ओसीटीत पडद्याच्या मधोमध, जिथं सगळ्यांत बारीक नजर असते त्या पीतबिंदूत, काळ्या काळ्या पोकळ्या दिसल्या. काळ्या अशासाठी की तिथं पाणी साचलं होतं आणि स्वच्छ पाणी उजेड परत पाठवत नाही. साखरेनं बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागल्या होत्या. डोळ्यात इंजेक्शनं दिली, आणि दर खेपेला ओसीटी काढून पाणी किती ओसरलं ते मायक्रॉनमध्ये मोजलं. पूर्वी डॉक्टरांना हे बरंचसं अंदाजानं ठरवावं लागे. पडद्याला पडलेलं भोक, म्हातारपणी पडद्याखाली उगवणाऱ्या नको त्या रक्तवाहिन्या, सगळं असंच कळतं.

माझा आजार वेगळा. काचबिंदू. मोतीबिंदू म्हटलं की आपल्या मराठवाड्यात डॉ. तात्याराव लहाने यांचं नाव निघतं, लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचा माणूस, आणि त्यांच्या हातून किती म्हाताऱ्यांना पुन्हा दिसायला लागलं. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग गढूळ होतं, ते बदललं की दिसतं. काचबिंदूत मेंदूकडे जाणारी नस झिजते. त्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात, आणि गेलेला तंतू परत येत नाही. माझ्या थोरल्या भावाला लोक म्हणायचे, नस सुकली. शेवटी शेवटी तो बांधावरून एकटा चालू शकत नव्हता. तो कधी म्हणाला नाही की दुखतंय. दुखतच नाही ना बहुतेकांना.

आणि कळतही नाही. का कळत नाही, ते आत्ता करून बघा. कागदावर डावीकडे फुली काढा, तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर ठिपका. डावा डोळा मिटा, उजव्यानं फुलीकडेच बघा आणि कागद हातभर लांबून हळूहळू जवळ आणा. तीसेक सेंटिमीटरवर ठिपका गायब! तिथून नस बाहेर जाते, तिथं उजेड टिपणाऱ्या पेशीच नाहीत. पण तुम्हाला भोक दिसलं का? नाही, नुसता पांढरा कागद दिसला. मेंदू उणीव भरून काढतो. काचबिंदूतही मेंदू असंच करत राहतो. कडेची नजर जात राहते, मधली शाबूत, माणूस पेपर वाचत असतो आणि त्याला वाटतं सगळं ठीक आहे. भारतात चाळिशीपुढच्या एक कोटी बारा लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० मध्ये मांडला गेला. दक्षिणेतल्या पाहण्यांत ज्यांना तो सापडला, त्यांतल्या दहापैकी नऊ जणांना आधी काही ठाऊकच नव्हतं.

ओसीटी त्या नसेच्या तोंडाभोवती गोल फिरून तंतूंच्या थराची जाडी मोजतं. निरोगी तरुण डोळ्यात ती सरासरी शंभर मायक्रॉनच्या आसपास. अनेकदा नजरेत फरक पडायच्या काही वर्षं आधीच हा थर पातळ झालेला सापडतो. ओसीटीचं मोठेपण मला इथंच वाटतं. माझ्या डाव्या डोळ्याचा खालचा भाग कागदावर लाल, म्हणजे पातळ, आला, बाकीचा हिरवा. पडद्यावर चित्र उलटं पडतं, म्हणून खालचे तंतू गेले की वरचं दिसेनासं होतं. दाराची चौकट मला लागायची, ती यामुळे.

पण लाल रंग बघून घाबरायचं नाही, आणि हिरवा बघून निर्धास्तही राहायचं नाही. यंत्र आपल्या डोळ्याची तुलना साठवलेल्या निरोगी डोळ्यांच्या आकड्यांशी करतं. ज्यांना मोठ्या नंबरचा उणे चष्मा असतो, त्यांचा डोळा लांबट असतो. त्यांच्या कागदावर आजार नसताना लाल उमटू शकतं. मोतीबिंदू पिकलेला असेल तर उजेड आत पोचतच नाही, चित्र धूसर येतं. आणि आजार फार पुढे गेला की आकडा पन्नास-साठ मायक्रॉनवर थांबतो, कारण उरलेली जाडी तंतूंची नसते, रक्तवाहिन्यांची आणि आधार देणाऱ्या पेशींची असते. म्हणून चांगला डॉक्टर नसेचं तोंड स्वतः बघतो, डोळ्याचा दाब मोजतो, कडेची नजर तपासणारी फिल्ड टेस्ट करतो, आणि ओसीटीचा कागद त्या सगळ्याशेजारी ठेवतो.

दाबाचंही असंच आहे. २००६ ते २००८ मध्ये नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया, जर्मनीचे डॉ. योस्ट योनास आणि सहकाऱ्यांनी नागपूर जिल्ह्यातल्या आठ खेड्यांत तिशीपुढच्या ४,७११ माणसांचे डोळे तपासले. आपल्यासारखीच शेतात राबणारी माणसं. त्यांच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जाडी सरासरी ५१४ मायक्रॉन भरली. पुस्तकांत साधारण ५४० धरतात. हा पडदा पातळ असला की दाब मोजणाऱ्या यंत्रात आकडा खरा असतो त्याहून कमी येतो. म्हणजे आपल्याकडच्या माणसाचा दाब ठीक दिसला तरी नसेकडे बघायलाच हवं. परक्या देशातल्या डोळ्यांवरून ठरवलेले आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे दाखवायला कुणीतरी खेड्यात जाऊन एकेक डोळा तपासायला लागतो. मला हे काम दुधाळ्याच्या यंत्राइतकंच मोलाचं वाटतं.

मला आता रोज रात्री थेंब टाकावे लागतात. त्यांनी दाब उतरतो आणि उरलेले तंतू टिकतात. गेलेले येत नाहीत, पण पुढच्या कागदावर लाल पसरलं नाही, एवढंच मी बघतो.

"आबा, मग आम्हाला पण होईल का?" तुम्ही लहान आहात, आज भिऊ नका. पण हा आजार घराण्यात चालतो. आई-बापाला किंवा सख्ख्या भावंडाला असला की धोका वाढतो. माझ्या भावाला होता, मला आहे, आणि तुमच्या बापानं चाळिशी गाठली. तो म्हणतो, मला स्पष्ट दिसतंय, हळद काढून होऊ द्या मग बघू. थोरले, तू त्याला हा फुली-ठिपक्याचा कागद दाखव आणि सोमवारी नांदेडच्या गाडीत बसव. त्याच्या फायलीत माझा ओसीटीचा कागद घाल, डॉक्टरांना घरातला इतिहास कळतो. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले तर चार-पाच तास उजेड सहन होत नाही आणि जवळचं धुरकट दिसतं, तेव्हा काळा चष्मा सोबत द्या, आणि स्टँडवरून घरी येताना मोटारसायकल त्याच्या हातात देऊ नका. काकाला न्यायला पाठवा.